महाराजांचा बारीक होण्याचा उपाय

“रोज एका आण्यात पैलवान पोसायचा, आणि दसऱ्यापर्यंत तो रेड्यासारखा दिसला पाहिजे!”

हिवरगड संस्थानच्या गजेंद्रराजांनी हुकूम सोडला. अंमलबजावणी दुसऱ्याने करायची असल्यामुळे हुकूम झटकन सुटला.

समोर उभी होती पुतळा. संस्थानच्या तालमीत ती स्वयंपाक करी, आणि तालमीतला एकुलता एक पैलवान नरसू हा तिचा धाकटा भाऊ. दसऱ्याला शेजारच्या संस्थानच्या मल्लाशी त्याची कुस्ती ठरली होती.

“एका आण्यात, महाराज?” पुतळा म्हणाली. “एका आण्यात तालमीतले उंदीरसुद्धा उपाशी मरतील!”

“दूध, तूप, बदाम बंद! साधं खायला घाल. बाजरी, हरभरे, गूळ, शेंगदाणे. वर एक पैसा मागायचा नाही, उसनं आणायचं नाही, चोरायचं नाही. दसऱ्याला नरसू हडकुळा दिसला, तर तालमीत घोडे बांधीन आणि तुम्हा दोघांना वेशीबाहेर काढीन!”

दिवाणजींनी मान डोलावली. त्यांना पगार त्याचाच होता.

साध्या खाण्याबद्दल पुतळाची तक्रार नव्हती. दाणे-गुळाचे लाडू, तिळाची चटणी आणि बाजरीची भाकरी, उकडलेली रताळी, भिजवलेले हरभरे. यावर बैलसुद्धा माजतो. अट एवढीच, की ते पोटभर मिळायला हवं. एका आण्यात नरसूच्या पोटाचा जेमतेम एक कोपरा भरे.

“आक्का, झकास झालंय,” नरसू ताट चाटूनपुसून म्हणाला. “आता जेवण कधी वाढतेस?”

पुतळाने कपाळाला हात लावला आणि ती विचार करू लागली. विचार करता करता तिला दसऱ्याआधी येणारा महाराजांचा वाढदिवस आठवला.

वाढदिवसाला महाराजांची तुला होई. एका पारड्यात राजा, दुसऱ्या पारड्यात बाजरी, शेंगदाणे आणि गूळ. आणि तो सगळा माल तालमीला. थोरल्या महाराजांनी घालून दिलेला रिवाज. थोरले महाराज देहाने भरभक्कम होते, त्यामुळे तालीम सुखी होती. गजेंद्रराजांना रिवाज मोडता येईना, लोक तोंडात शेण घालतील. म्हणून त्यांनी रिवाज ठेवला आणि वजन घटवायला घेतलं! दरवर्षी तुलेआधी दोन महिने ते नुसत्या पेजेवर राहत. जेवढा राजा बारीक, तेवढी बाजरी कमी.

दुसऱ्या दिवशी पुतळा लाडवांची पाटी डोक्यावर घेऊन राजवाड्याच्या सज्जाखालून निघाली. खमंग भाजलेल्या दाण्यांचा वास वर गेला. वर महाराज पेजेच्या वाटीकडे शत्रूसारखे बघत बसले होते.

“ए पोरी! काय आहे त्या पाटीत? वर ये!”

पुतळा वर गेली. “गरिबाचं खाणं आहे, महाराज. आपल्याला नाही चालायचं.”

“का नाही चालायचं? राज्य कुणाचं आहे?”

“राज्य आपलंच. पण आपण बारीक व्हायला बसलात ना?”

“म्हणजे हे खाऊन माणूस सुटतो?”

“मी अडाणी बाई काय सांगणार! आपणच बघा की. आपल्या राज्यात जो तो हेच खातो. त्यातला एक तरी जाड माणूस दाखवा!”

महाराज सज्जातून वाकले. खाली गुराखी होते, मोळीविक्या होत्या, एक कुणबी नांगर खांद्यावर घेऊन चालला होता. नांगर कुठला आणि कुणबी कुठला, ते वरून नीट कळत नव्हतं.

“दिवाणजी, आहे का कुणी जाड?”

“एकही नाही, महाराज! आपल्या कृपेनं सगळी प्रजा बारीक आहे!”

“आणि आमचे राजवैद्य आम्हाला पेज पाजतात! गाढव लेकाचे! उद्यापासून आम्ही प्रजेचं अन्न खाणार. शिवाय स्वस्त!”

दोन महिने महाराज प्रजेचं अन्न खात राहिले. सकाळी लाडू, दुपारी चटणीशी भाकरी, सांजच्याला रताळी, आणि मधल्या वेळी बारीक होण्याची घाई म्हणून पुन्हा लाडू. अंगरख्याचे बंद तटतटू लागले.

“धोब्याने अंगरखा आटवला, महाराज,” दिवाणजी म्हणाले.

धोब्याला दंड झाला.

तुलेचा दिवस उजाडला. महाराज तोऱ्यात पारड्यात बसले, आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं! नोकरांनी समोर बाजरीची पोती टाकली. पारडं हललं नाही. शेंगदाण्यांची टाकली, गुळाच्या ढेपा रचल्या. नरसू पोतं उचलून आणी आणि प्रत्येक खेपेला महाराजांकडे प्रेमाने बघे. कोठार अर्धं रिकामं झालं, तेव्हा कुठे महाराजांचे पाय जमिनीवरून सुटले.

“पुतळा!” महाराज अधांतरी गरजले. “फसवलंस आम्हाला! हे खाऊन माणूस बारीक होतो म्हणालीस!”

“मी तसं कधी म्हणाले? जाड माणूस दाखवा म्हणाले. आपल्याला दिसला नाही.”

“मग तेच खाऊन प्रजा बारीक कशी आणि आम्ही असे कसे?”

“महाराज, आपण पाटी संपेपर्यंत खाल्लंत, प्रजेला मूठभर मिळतं. माणूस दाणे खाऊन बारीक होत नाही, दाणे संपले की होतो!”

दिवाणजींनी कुठे बघावं ते न कळून छताकडे बघितलं.

“आणि माझी अट?” महाराजांनी डोळे वटारले. “एक पैसा जास्त मागायचा नाही म्हणालो होतो!”

“मागितला कुठे? उसनं आणलं नाही, चोरी केली नाही. आपण स्वतः पारड्यात बसून मोजून दिलंत! दसऱ्यापर्यंत नरसू पोटभर जेवेल, आणि आपल्या घोड्यांना दुसरी जागा बघावी लागेल!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग गाल हलले, मग पोट. आणि ते असे खदखदून हसले, की तराजूच्या साखळ्या करकरल्या.

“शाबास! दिवाणजी, हिला सोन्याचे तोडे द्या! तालमीचा एक आणा रद्द. आजपासून तालीम आमच्या मुदपाकखान्यातून जेवेल. आणि मुदपाकखाना हिच्या हाती! आम्हाला पुन्हा पेज दिसता कामा नये!”

हसता हसता त्यांचं पारडं पुन्हा जमिनीला टेकलं. ते हसण्याने टेकलं की वजनाने, हे विचारायचा दिवाणजींना धीर झाला नाही. त्यांनी गुपचूप आणखी एक पोतं टाकायला सांगितलं.