मापाऱ्याचे दोन ढीग

फार फार जुनी गोष्ट, धान्य पायलीनं मोजत तेव्हाची. एका बाजारगावात एक मापारी राहत असे. मापाऱ्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या मापाला तो 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे, मग दोन, तीन. कशाला किती खर्च पडतो, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. माणूस भला होता बरं का, पण खोड ती खोडच.

त्याच्या धाकट्या भावाचं मन आजारी पडलं. तो बोलेना, जेवेना, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. आई रडू लागली. मापाऱ्याला मात्र प्रश्न पडला, डोंगरावरचा भगत स्वस्त की राजधानीतला वैद्य?

भगत म्हणाला, "एक नारळ ठेव, बस्स." नारळामागून कोंबडं आलं, कोंबड्यामागून बकरं, आणि सात अवसांच्या खेपा. तरी भाऊ बोलेना, तेव्हा मापारी त्याला वैद्याकडे घेऊन गेला. त्यानं चाळीस पायल्या जोंधळे आधीच घेतले आणि भावाला तीन महिने ठेवून घेतलं.

घरी येताच मापाऱ्यानं अंगणात दोन्ही खर्चांइतक्या जोंधळ्यांचे दोन ढीग घातले. ढीग सारखेच भरले. त्याला मोठी गंमत वाटली. मग पायपीट धरून मोजलं, बुडालेले बाजार धरून मोजलं. इकडे वैद्यानं निघताना दिलेलं औषध संपलं.

"अरे, नवं आण," आई म्हणाली.

"थांब गं, आधी हिशेब लागू दे."

भाऊ पुन्हा भिंतीकडे वळला. तिकडे बघतच म्हणाला, "दादा, यात माझं माप कुठंय?"

"तुझं कसलं?"

"भगतानं मिरच्यांची धुरी दिली, डोळे जळाले. पण तिथं गावातली माणसं माझ्याजवळ बसायची. वैद्याच्या औषधानं झोप लागली, भूक लागली. पण तीन महिने मला कुणी नावानं हाक मारली नाही. आणि तू मोजत बसलास, ते दिवस माझे गेले. ते कुठल्या ढिगात घालशील?"

मापाऱ्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. तुला कशानं बरं वाटतं, असं आजवर त्यानं भावाला एकदाही विचारलं नव्हतं.

एक ढीग पोत्यांत भरून तो वैद्याकडे गेला आणि औषध घेऊन आला. आईनं दुसऱ्या ढिगाच्या भाकऱ्या थापल्या. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी भावाजवळ बसून जेवू लागले. धुरी मात्र पुन्हा कुणी दिली नाही.

सुगीच्या दिवसांत भाऊ एकदा आपणहून बाजारात आला. मापाऱ्याच्या हातातली पायली घेऊन त्यानं ती भरली.

मापारी म्हणाला, "लाभ." आणि त्या दिवशी त्यानं पुढचं मोजलंच नाही.

तात्पर्य: उपचाराचं मोल आधी दुखणं सोसणाऱ्याला विचारावं, मग खर्च करणाऱ्याला.