आबासाहेबांचं महागडं नाणं

कोल्हापूरच्या नाणेप्रदर्शनात आपल्या विक्रीच्या टेबलावर दिवसभर गिऱ्हाइकांना तीच तीच उत्तरं देऊन इंदूताई पोतदार थकल्या होत्या. तेवढ्यात सभागृहाचे मालक रणधीरराव ऐटीत आले. त्यांचे वडील आबासाहेब यांच्या शताब्दीला घराण्यानं पाडलेलं चांदीचं नाणं आता वीस हजारांना जात होतं.

“बघा लोकांचं प्रेम! माझ्या साठाव्या वाढदिवसाचं नाणंही असंच महाग व्हायला हवं. उपाय सांगा, नाहीतर उद्यापासून टेबल उचला.”

इंदूताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “आबासाहेबांचं नाणं कुणी घेतलंच नाही, साहेब. पडून राहिलेली वितळवली, चाळीसच उरली, म्हणून हा भाव. तुम्हीही लोकांना तेवढेच नावडते व्हा.”

रणधीरराव पाय आपटत निघून गेले. इंदूताईंनी सावकाश पेटी आवरायला घेतली. उद्या तरी घरी पाठ टेकता येणार होती.