नारळाच्या मागोमाग

“राजाची होडी वळत नाही!” भानजीराजांनी दरडावलं. “धक्क्यावरून निघायचं ते नाकासमोर, थेट समुद्रात. वळवलीत, तर तुमची होडी जप्त!”

चांगो तांडेलाला घाम फुटला. होडी गेली की घरची चूल थंड! आज नारळी पौर्णिमा. राजांना सोनेरी बेगड लावलेला नारळ खाडीबाहेर जाऊन समुद्राला वाहायचा होता. पण खाडीच्या तोंडाशी, नेमकी नाकासमोर, पाण्याखाली खडकांची रांग. सगळ्या होड्या खडक टाळून खोल पाण्यातून नागमोडी जायच्या. सरळ गेलं की होडीच्या फळ्या सुट्या झाल्याच म्हणून समजा! पण ऐकतील तर ते भानजीराजे कसले? एकदा वाटेत म्हैस आडवी आली, तर दोघंही हटेनात. दुपारपर्यंत समोरासमोर उभे!

“बाबा, तुमी वल्ही मारा. सुकाणू मी धरते,” चांगोची लेक मथुरी म्हणाली.

होडी निघाली. नुकतीच ओहोटी लागली होती. पुढे खडकांवर लाटा फुटताना दिसू लागल्या. राजांनी नारळ पोटाशी घट्ट धरला, पण हट्ट काही सोडला नाही. चांगोने तर डोळेच मिटले.

“महाराज,” मथुरीने विचारलं, “देवाची पालखी निघते तवा तुमी पुढं चालता का मागं?”

“मागं! देवापुढे चालायला मी काय उद्धट आहे?”

यावर चांगो नुसता खोकला.

“आन् पालखी वळली तर?”

“तर मीही वळतो. हे काय विचारणं झालं?”

“मग देवाचा नारळ जाऊ द्या पुढं. आपण मागं!”

राजे घुटमळले, पण त्यांनी नारळ पाण्यात सोडला. ओहोटीचं पाणी खोल वाटेनेच बाहेर पळतं, हे मथुरीला पक्कं ठाऊक. नारळ डावीकडे गेला, होडी डावीकडे. नारळ उजवीकडे, होडीही उजवीकडे. खडक बाजूला राहिले आणि होडी मोकळ्या समुद्रात आली!

तेव्हा कुठे राजे भानावर आले. “पोरी, होडी वळवलीस तू!”

“मी कुठं, महाराज? आधी वळला तो नारळ. जप्त करायचा तर त्याला करा. तो बघा, निघाला!”

राजे एवढे खदखदून हसले की होडी डुलायला लागली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं मथुरीला दिलं, वर दरसाल नारळाच्या होडीचं सुकाणूही तिलाच.

“पण आता परत कुणाच्या मागं जायचं गं?”

“नारळीभाताच्या वासामागं, महाराज!”

राजांच्या पोटात कावळे ओरडतच होते.

“मग बघतेस काय? वळव होडी!”