छबूची नळी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव छबू. इवलीशी छबू, पण बँडमधली मोठी असामी. ती मेलोडिका वाजवायची. तोंडाने नळी फुंकायची, पंजांनी पट्ट्या दाबायची. पीं पीं पूं पूं.

वाजवून झालं की नळी आतून ओली व्हायची. मग छबू ती फांदीवर वाळत घालायची. आजही घातली. आणि नळी गेली.

आज तर कासवरावांची वरात. मेलोडिका नाही तर नाच नाही. नाच नाही तर नवरदेव पुढे सरकत नाहीत. तिकडे नवरी उपाशी बसलेली. छबू नळी शोधू लागली.

लांबून ढोल वाजला. ढुम.

छबूने वर पाहिलं. नळी कावळेताईच्या घरट्यात. छबूने मेलोडिका पाठीला बांधली. लुटुलुटु, लुटुलुटु, छबू गेली.

"कावळेताई, कावळेताई, नळी दे. नळी मिळाली की मेलोडिका वाजेल, मेलोडिका वाजली की वरात नाचेल."

कावळेताई म्हणाली, "नळी काढली तर घरटं उसवेल. आधी काथ्या आण."

ढुम ढुम. लुटुलुटु, लुटुलुटु, छबू गेली माडाकडे.

"माडआजोबा, माडआजोबा, काथ्या द्या. काथ्या मिळाला की कावळेताई नळी देईल, नळी मिळाली की मेलोडिका वाजेल, मेलोडिका वाजली की वरात नाचेल."

माडआजोबा म्हणाले, "घसा कोरडा पडलाय. आधी पाणी आण."

ढुम ढुम ढुम. लुटुलुटु, लुटुलुटु, छबू गेली पाटाकडे.

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे. पाणी मिळालं की माडआजोबा काथ्या देतील, काथ्या मिळाला की कावळेताई नळी देईल, नळी मिळाली की मेलोडिका वाजेल, मेलोडिका वाजली की वरात नाचेल."

पाटदादा म्हणाला, "वाटेत माती अडकलीय. आधी खेकडेमामीला बोलव."

ढुम ढुम ढुम ढुम. कासवाची वरात म्हणून बरं. पण आलीच की जवळ. लुटुलुटु, लुटुलुटु, छबू धापा टाकत गेली.

"खेकडेमामी, खेकडेमामी, माती उकर. माती उकरली की पाटदादा पाणी देईल, पाणी मिळालं की माडआजोबा काथ्या देतील, काथ्या मिळाला की कावळेताई नळी देईल, नळी मिळाली की मेलोडिका वाजेल, मेलोडिका वाजली की वरात नाचेल."

खेकडेमामी म्हणाली, "बाळ रडतंय गं. आधी त्याला झोपव."

आता कुणाकडे जायचं? छबूला रडूच आलं. नळी नाही. नळीशिवाय मेलोडिका थेट तोंडाला लावावी लागते. मग नाक मध्ये येतं, पट्ट्या दिसत नाहीत. एकच सूर निघतो. नाचायला तो पुरत नाही.

छबूने तोच वाजवला. हळूच. पींऽऽऽ.

बाळाने जांभई दिली. बाळाने डोळे मिटले. बाळ झोपलं.

बाळ झोपलं, मामीने माती उकरली. खसखस. माती उकरली, पाणी वाहिलं. खळखळ. पाणी मिळालं, माडाने वाळका नारळ टाकला. धप्प. नारळाला काथ्याच काथ्या. काथ्या मिळाला, कावळेताईने नळी सोडली. टप्प.

छबू पळाली. वाटेत वरात अडलेली. कासवराव मान आत घेऊन बसलेले. छबूने नळी जोडली.

पीं पीं पूं पूं. पीं पीं पूं पूं.

कासवरावांनी मान बाहेर काढली. एक पाय उचलला. मग दुसरा. वरात नाचत नाचत नवरीच्या दारी पोचली. नवरीने पहिला लाडू छबूला दिला.

नळी पुन्हा ओली झाली. छबूने ती वाळत घातली.

फांदीवर नाही हं. आपल्याच गळ्यात.