उंबरठ्याच्या वशाची कहाणी

ऐक उंबरठामाई, तुझी कहाणी. नदीकाठी एक आटपाट गाव होतं. तिथली राणी गुणवंता. तिची लेक सुलक्षणा सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मग गावात तापाची साथ आली. हाताला हात लागला की ताप या घरातून त्या घरात जाई.

राणीनं दवंडी पिटली. दारं लावा, हात धुवा, कुणाकडं जाऊ नका. बायांनी ऐकलं, मान डोलावली आणि हळदीकुंकवाला गेल्या. मग दुसरी दवंडी पिटली. ज्याच्या घरी ताप, त्याला दंड. मग लोकांनी आजारी माणसं कोठीघरात लपवली, विचारलं तर सगळे ठणठणीत म्हणाले. मग तिसरी दवंडी पिटली. तिला तर गावच्या कुत्र्यांनीही कान टवकारले नाहीत.

राणी चिडली. लोकच अडाणी म्हणाली. आणि स्वतः काय केलं? नववा लागला म्हणून लेकीचं डोहाळजेवण मांडलं. दारी सनई बसवली, पाच सवाष्णी ओटी भरायला बोलावल्या. आता ओटीच्या बोलावण्याला नाही कसं म्हणायचं? हसू नका गं, आपणही गेलोच असतो. त्यातल्या एकीचा सासरा कोठीघरात तापानं निजलेला. दंडाच्या भीतीनं ती बोलली नाही, ओटी भरून आली. तिसऱ्या दिवशी सुलक्षणा तापानं फणफणली.

मग राणी अनवाणी निघाली, साळू सुइणीच्या दारी गेली. दार बंद. अंगणात पाण्याचा घडा, हात धुवायला राख, चौकटीला लिंबाचा डहाळा. राणी म्हणाली, साळूबाई, माझी लेक तेवढी वाचव.

साळू आतून म्हणाली, “राणीसाहेब, तुमची दवंडी आम्ही ऐकली. सनईही ऐकली.”

राणीनं मान खाली घातली. मग विचारलं, तू कसला वसा करतेस, तो मला सांग.

“तुम्हाला वसा कशाला? उताल, माताल, घेतला वसा टाकाल.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

मग साळूनं वसा सांगितला. चाळीस दिवस दुसऱ्याचा उंबरठा ओलांडू नये. राखेनं हात धुवावे. ताप असेल त्या दारी डहाळा बांधावा. डहाळा दिसेल तिथं शिधा ठेवून मागं फिरावं, दंड करू नये. माझे चाळीस दिवस काल भरले, मी लेकीपाशी आत बसते, पण राणीसाहेब, तुम्ही खोलीबाहेर.

राणीनं सनईवाले घरी पाठवले, दंड माफ केला. वाड्याच्या दाराला डहाळा आपल्या हातानं बांधला आणि लेकीच्या उंबरठ्याबाहेर पाट टाकून बसली. लेकीनं तापात आई म्हणून हाक मारली, राणी उठली आणि परत बसली. ताप उतरला, लेक आतून हसली, राणी बसून राहिली. मग कळा आल्या. लेक किंचाळली आणि राणीचा पाय उंबरठ्यावर गेला. बायांनो, आईचाच पाय तो, राहतो का? तिनं पदर दातांत धरला, पाय मागं घेतला. आत बाळ रडलं.

हे गावात कळलं. चौथी दवंडी लागलीच नाही. आधी त्या सवाष्णीनं दाराला डहाळा बांधला. दंड आला नाही, शिधा आला. मग शेजारणीनं बांधला, मग साऱ्या आळीनं. लपलेली माणसं उजेडात आली, औषधपाणी झालं, बरी झाली. त्या सवाष्णीचा सासरा मात्र राहिला नाही. त्याला फार उशीर झाला होता.

बाराव्या दिवशी बारसं. बोलावणं कुणालाच नाही. आत साळूनं पाळणा हलवला, बाहेर राणीनं पाळणा म्हणायला घेतला. आवाज एकटाच. मग समोरच्या दारातून दुसरी ओळ आली. पुढच्या दारातून तिसरी. प्रत्येक बाई आपापल्या उंबरठ्यात उभी राहून गात होती, आणि एकीनंही तो ओलांडला नाही.

चाळिसाव्या दिवशी राणीनं हात धुतले, उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, नातीला मांडीवर घेतलं.

जशी उंबरठामाई राणीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली. आता प्रसाद घ्या. आधी हात धुऊन या.