नेमगोंडाने गिअर टाकला

द्राक्षांच्या एका गावात एक भोळा नेमगोंडा होता. गावात भोळी माणसं आणखीही होती. पण नेमूशेजारी उभी राहिली की ती वकील वाटायची.

नेमूचा एक गुण होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. तीच पंचाईत होती.

त्याचा थोरला भाऊ भूपालअण्णा. अण्णा बागेच्या मांडवावरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर आला. त्यामुळं बाग आली पद्मावहिनीच्या अंगावर. वहिनी हुशार बाई. बागेतला छोटा ट्रॅक्टर ती स्वतः चालवायची. वेलींच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून हा छोटा. दिसायला वासराएवढा, पण फवाऱ्याची टाकी ओढत सगळी बाग हिंडून यायचा.

एका सकाळी दाट धुकं पडलं. धुकं पडलं की द्राक्षावर दावण्या रोग येतो. त्याच दिवशी औषध फवारलं नाही तर घड काळे पडतात आणि वर्षाची मेहनत गळून जाते. वहिनीनं टाकी भरली, ट्रॅक्टर सुरू केला. इंजिन धडधडलं. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. वहिनीनं क्लच दाबून बघितला, सोडून बघितला. इंजिन आपलं धडधडतंय. चाकं आपली उभी.

वहिनी म्हणाली, "भावजी, फाट्यावर जा. दस्तगीर मिस्त्रींना सांगा, इंजिन चालतंय पण चाकं फिरत नाहीत. मी तोवर पाठीवरच्या पंपानं जमेल तेवढं मारते."

मिस्त्रींचा फोन ग्रीसच्या डब्यात पडल्यापासून मुका झाला होता. नेमू सायकलवर बसला आणि फाट्यावर गेला.

मिस्त्री एका उघड्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसले होते.

"काय नेमू, काय काढलंस?"

"मिस्त्री, ट्रॅक्टर चालू आहे, पण चालत नाही."

"क्लच दाबतोय का?"

"वहिनी दाबतेय."

"बरं. मला आता उठता येत नाही. तू जा, आधी तेल बघून ये."

नेमू घरी आला. स्वयंपाकघरात गेला. तेलाचा डबा उघडून आत बघितलं. परत फाट्यावर गेला.

"बघितलं, मिस्त्री. तेल भरपूर आहे. शेंगदाण्याचं आहे."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"अरे बाबा, घरात काय बघतोस? जे काय असेल ते ट्रॅक्टरखाली शिरून बघायचं. कळलं?"

"ध्यानात ठेवतो," नेमू म्हणाला. आणि ठेवलं.

"आता असं कर. अण्णाला विचारून ये, गिअरचं तेल शेवटचं कधी बदललं?"

नेमू बागेत आला. ट्रॅक्टरखाली शिरला. उताणा पडला आणि म्हणाला, "अण्णा, तेल कधी बदललं?"

ट्रॅक्टर काही बोलला नाही.

"अण्णा, ए अण्णा! मिस्त्री विचारतायत."

पाठीवर पंप घेतलेली वहिनी ओळीतून चालली होती. तिनं वाकून बघितलं.

"कुणाशी बोलताय, भावजी?"

"अण्णाशी."

"ते घरात आहेत."

"असतील. पण मिस्त्रींनी खाली शिरायला सांगितलंय."

वहिनी पंपाचा दांडा हलवत पुढं गेली. धुकं कुणासाठी थांबत नाही.

तेवढ्यात वरून तेलाचा एक थेंब नेमूच्या कपाळावर पडला. नेमूचा जीव कळवळला. तो परत फाट्यावर गेला.

"मिस्त्री, अण्णा बोलत नाही. नुसता रडतोय."

"काय सांगतोस? भूपाल रडतोय? पाय दुखतोय का फार?"

"पाय नाही दिसला. खालनं पोटच दिसतं त्याचं. काळं आहे."

मिस्त्रींना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. झाला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. हात ग्रीसचा होता.

"अरे नेमू! भूपाल खाटेवर, तू ट्रॅक्टरखाली! पहिल्यांदा खाटेजवळ जायचं!"

"ध्यानात ठेवतो," नेमू म्हणाला.

"जाऊ दे ते तेल. आता नीट ऐक. जॅक घे. मागच्या बाजूला लाव. चांगलं वर उचल. मग हातानं फिरवून बघ, मोकळं फिरतंय का अडकतंय. आणि काही आवाज आला तर तो ऐकून ये."

नेमूनं जॅक घेतला. पहिल्यांदा खाटेजवळ गेला. अण्णाचा नुकता डोळा लागला होता. नेमूनं पायथ्याकडची बाजू धरली, खाटेखाली जॅक लावला आणि उचलायला लागला. खाटेचा पायथा वर वर गेला. अण्णा खाली खाली घसरत उशीवरून भिंतीला टेकला. प्लास्टरचा पाय छताकडं. नेमूनं तो दोन्ही हातांनी धरला आणि फिरवून बघितला.

मग तो फाट्यावर गेला. मिस्त्री वाटच बघत होते.

"फिरलं का?"

"नाही, मिस्त्री. अडकतंय."

"हं! मग गिअरपेटीतच काहीतरी आहे. आवाज आला?"

"आला. मोठा आला."

"कसा? कडकड असा, का घरघर असा?"

"'मेलो गं आई' असा."

मिस्त्री हळूच म्हणाले, "नेमू, असा आवाज कुठल्याच ट्रॅक्टरचा नसतो."

"मलापण तसंच वाटलं."

"अरे गाढवा, दुखणाऱ्याला असं पिळायचं असतं का? दुखणाऱ्याला हात लावायचा नाही. पांघरूण घालायचं, हळद घालून कोमट दूध द्यायचं आणि निजू द्यायचं!"

"ध्यानात ठेवतो," नेमू म्हणाला.

"आता तू काही करू नकोस. पुढं हो. ट्रॅक्टरचं दुखणं मीच येऊन बघतो."

नेमू सायकलवर बसला. वाटेत त्याला फार वाईट वाटत होतं. ट्रॅक्टरला दुखतंय, हे त्याला आतापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन बागेत पोचले. ट्रॅक्टर दिसेना. वेलींच्या दोन ओळींमध्ये एक मोठी वाकळ तेवढी दिसत होती. वाकळेतून धुराडं वर आलेलं. धुराड्याला अण्णाचा मफलर गुंडाळलेला. शेजारी रिकामं पातेलं घेऊन नेमू उभा. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, मिस्त्री. आत्ताच निजलाय."

"पातेल्यात काय होतं?"

"दूध. सगळं पाजलं. त्यानं एक थेंब सांडला नाही."

मिस्त्रींनी वाकळ ओढली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बघितलं. ते खाली बसले आणि रेडिएटरचा खालचा नळ सोडला. पिवळंधमक दूध मातीत वाहायला लागलं. कुठून तरी एक मांजर आलं. मग दुसरं आलं. मिस्त्रींनी विहिरीचं पाणी ओतून रेडिएटर धुतला, पुन्हा धुतला, चांगलं पाणी भरलं. मांजरं जायला तयार नव्हती.

मग त्यांनी ट्रॅक्टरची मागची बाजू जॅकवर उचलली. या वेळी ट्रॅक्टरचीच. चाक हातानं फिरवलं. मोकळं फिरलं. गिअरचा दांडा झाकणासकट काढून बाजूला ठेवला आणि आत बॅटरीचा उजेड मारला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दोन दांड्यांचा जोड आत होता. जोडातली बोटाएवढी पिन मधोमध तुटली होती. अलीकडचा दांडा फिरायचा, पलीकडच्याला पत्ता नाही.

"सापडली!" मिस्त्री म्हणाले. "एवढ्याशा पिनेनं सगळी बाग अडवली बघ."

त्यांनी नवी पिन ठोकून बसवली, गळणारा नटही आवळला. मोडकी पिन नेमूच्या हातात दिली.

"ही टाक."

नेमूनं हात उघडला. पिन सरळ खाली मिस्त्रींच्या अंगठ्यावर पडली. मिस्त्री एका पायावर नाचले. मांजरं पळाली.

"अरे, टाक म्हटलं की अशी पायात टाकायची? लांब टाकावी! परत कुणाला दिसणार नाही अशी! ती विहीर कशाला आहे?"

"ध्यानात ठेवतो," नेमू म्हणाला. त्यानं पिन उचलली आणि विहिरीत भिरकावली. टपकन् आवाज आला.

"हां, अशी," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी गिअरचा दांडा जागेवर परत ठेवला. बोल्ट नंतर आवळू, आधी चाकं फिरतात का बघू, असा त्यांनी विचार केला. इंजिन सुरू केलं, नेमूला सीटवर बसवलं आणि त्याच्या पायानं क्लच दाबून धरायला लावला. स्वतः मागं जाऊन मातीत आडवे झाले. जॅकवर उचललेली चाकं त्यांना जवळून बघायची होती.

वहिनी ओळीच्या टोकाला आली होती. निम्मी बाग तिनं एकटीनं मारली होती. खांद्याला पंपाच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. इंजिनाचा आवाज ऐकून तिनं पंप खाली ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडला. उरलेली निम्मी बाग आता ट्रॅक्टर बघता बघता मारणार होता.

इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवून मिस्त्री ओरडले, "नेमू, गिअर टाक!"

नेमूनं समोरच्या दांड्याकडं बघितलं.

"मिस्त्री, चांगला आहे की अजून!"

"काय?"

"चांगला आहे म्हणतोय!"

"अरे, टाक म्हणतो ना!"

नेमूला पटत नव्हतं. पण मिस्त्रींच्या शब्दाबाहेर तो कसा जाणार? त्यानं दांडा धरला. दांडा झाकणासकट अलगद वर आला. नेमूनं तो डोक्यावरून फिरवला आणि सगळा जोर लावून भिरकावला.

विहिरीत मोठ्ठा ढब्ब असा आवाज झाला.

वहिनीनं मान वळवून विहिरीकडं बघितलं. मग खाली वाकली आणि पंप परत पाठीवर घेतला.

मागून मिस्त्री ओरडले, "टाकलास का?"

"टाकला!"

"मग चाकं का फिरत नाहीत? कितवा टाकलास?"

"कितवा काय, मिस्त्री?" नेमू म्हणाला. "एकच तर होता!"