मुटकुळं झालेला कायटन

ही गोष्ट मला कुणी सांगितली, की दोन अर्धवट आठवणी जोडून मीच ती तयार केली, हे आता खात्रीने सांगता येत नाही. तिच्यात कालवं काढणारी बाई होती, एवढं नक्की. बहुधा.

तर फार पूर्वी, एका खडकाळ किनाऱ्यावर एक कायटन राहत असे. कायटन म्हणजे शंख-शिंपल्यांच्याच कुळातला, खडकाला चिकटून राहणारा जीव. पाठीवर कौलांसारखं एकावर एक चढलेल्या आठ तुकड्यांचं कवच आणि खाली एकच रुंद पाय. भरती आली की तो शेवाळ खरवडत फिरे आणि पाणी ओसरण्याआधी आपल्या खळग्यात परतून घट्ट बसे. मग लाटाही त्याला हलवू शकत नसत.

त्या खळग्यात दुसऱ्याला जागा नव्हती. रिकाम्या शंखात घर केलेला एक खेकडा येता-जाता त्याला हाक मारी. कायटन उत्तर देत नसे. बोललो तर पकड सैल होईल, असं त्याला वाटे.

एकदा ओहोटीच्या वेळी एक सासू आपल्या नव्या सुनेला घेऊन कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढायला आली. सुनेने कोयतीचं टोक नेमकं कायटनखाली घातलं.

"आत्याबाई, हे बघा केवढं मोठं!"

"अगं, ते कालव कुठलं? टाक ते."

"मग काय आहे?"

"कोण जाणे. खातंय कोण त्याला! चल, पाणी भरायला लागलं."

कायटन दोन खडकांमधल्या उथळ डबक्यात पडला. पडता पडताच पोट आत घेऊन त्याने अंगाची गोळी केली. बाहेर दिसत होते नुसते ते आठ तुकडे.

भरती चढू लागली. डबक्यात तो खेकडा होता.

"आजोबा, हे काय मुटकुळं करून बसलात? मोठी लाट आली की गडगडत वाळूत जाऊन पडाल. तिथे उन्हात वाळाल. पाय काढा, दगड धरा!"

आतून पहिल्यांदाच आवाज आला, "उघडलो तर पोट दिसेल."

"मग दिसू दे की! दागिन्यांनी मढवलंय का?"

"तुला नांग्या आहेत."

"आहेत. पण पोट माझंही मऊच आहे. हा शंख लहान पडला की दुसऱ्यात जाताना मी उघडाच असतो. दर वेळी वाटतं, आज संपलो."

"मग जातोस कसा?"

"भीत भीत."

एक लाट आली. गोळी हातभर सरकली. दुसरीने तिला डबक्याच्या काठावर आणून ठेवलं. पलीकडे वाळू होती.

तेव्हा कायटनची एक कड सैल झाली. मग हळूहळू पोट दिसलं, पाय दिसला. खेकडा नांग्या अंगाशी घेऊन बघत राहिला. पाय दगडाला टेकला न टेकला तोच तिसरी लाट दोघांवरून गेली.

पाणी निवळलं तेव्हा कायटन जागेवर होता. दगड अनोळखी होता, गुळगुळीत होता, पण हाती होता.

"अरे," तो म्हणाला.

कुणी नव्हतं. लाटेने शंखासकट खेकड्याला नेलं होतं. पुन्हा हाक मारावी असं कायटनला फार वाटलं. पण इतकी वर्षं शेजारी राहून त्याला काय म्हणून हाक मारायची, हे त्याला माहीत नव्हतं.

तात्पर्य: मिटून घेतल्याने घाव चुकतो, पण कशाचा तरी आधार धरायचा तर उघडावं लागतं, आणि ते फार उशिरा करू नये.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, समुद्रकाठी खडकावरून सुटून गोळी झालेला एक कायटन मला सापडला. तो ओल्या दगडावर ठेवून मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तो खरोखरच उलगडला. मग मी बोटाने ढकलून पाहिला. हलला नाही.